थांबलं की साधू म्हणायचं

प्रभाताई थूल यांना कशाकशाची शिसारी येते हे मारेगावातल्या त्यांच्या वस्तीत लहानथोरांना माहीत होतं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याच्या हातचा चहा त्या घेत नसत. पंगतीत वाढप्याचा डाव कुणाच्या ताटाला टेकलेला दिसला की त्या पाणी पिऊन उठत. कुणी बोटाला थुंकी लावून पुस्तकाचं पान उलटलं, तर ते पुस्तक त्यांच्या मनातून कायमचं उतरे. अंगणवाडीत सेविका होत्या तेव्हा शेंबडी पोरं मात्र त्यांनी मांडीवर घेतली, पुसली, धुतली, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. लेकरांची घाण ही घाण नसतेच, घाण मोठी माणसं करतात, असं त्या म्हणत. असं म्हणताना त्या समोरच्या मोठ्या माणसाकडे अशा बघत की तो बिचारा आपले हात तपासून पाही.

ही शिसारी त्यांना माहेराहून मिळाली होती. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्यांच्या आजीनं गावातून शिळं-उष्टं आणणं सोडलं, आणि सोडलं म्हणजे असं की पुढे त्या घरात आई स्वतःच्या लेकराच्या ताटातला उरलेला घाससुद्धा तोंडात घालत नसे. तो कुत्र्याला जाई. पोरींना बजावलेलं असे की उपाशी झोपा, पण दुसऱ्याच्या तोंडचं खाऊ नका. काहींना माहेरातून दागिने मिळतात, काहींना भांडी. प्रभाताईंना हे मिळालं आणि त्यांनी ते घासूनपुसून लखलखीत ठेवलं.

सासरी त्या शिकलेली सून म्हणून आल्या. विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचायची रीत. बाया निंदणाहून येत, अंघोळ करून पांढरं लुगडं नेसत, पुढ्यात मेणबत्ती लागे, त्रिसरण-पंचशील होई आणि मग तासभर वाचन. आधीचे वाचणारे गुरुजी थकले आणि ग्रंथ प्रभाताईंच्या पुढ्यात आला, तो पुढे त्यांच्याच पुढ्यात राहिला. त्या वाचत छान. ओरडत नसत, गात नसत, घाई करत नसत. प्रसंग पुरा झाला की क्षणभर थांबत, आणि मग समोरचे सगळे हात जोडून तीनदा म्हणत, साधू, साधू, साधू, म्हणजे फार उत्तम. तो आवाज आला की प्रभाताईंची दिवसभर वाकलेली पाठ सरळ होई. नवऱ्यानं कधी केलं नाही इतकं कौतुक त्यांना त्या तीन शब्दांत मिळे.

त्या ग्रंथातला एक भाग तर त्यांचा स्वतःचाच होता म्हणा. एक भिक्खू आजारी पडतो, आपल्याच घाणीत लोळत असतो, आणि सोबतचे कुणी त्याच्याजवळ जात नाहीत. मग भगवान स्वतः येतात, पाणी मागवतात आणि त्याला आपल्या हातानं धुतात. प्रभाताईंचा नवरा पंजाबराव लकव्यानं खाटेला खिळला, तेव्हा त्याचं सगळं त्यांनी एकटीनं केलं. नातेवाईक दारातून बघून जात. शेजारच्या घरातली थोरली चुलत जाऊ कौसल्या, ती तर रोज यायची, पण उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहायची. नाकाला पदर लावलेला, हातात कढीची वाटी. वाटी उंबऱ्यावर ठेवायची आणि मागच्या पावली जायची. एक दिवस नाही की ती आत आली.

पंजाबराव गेले. प्रभाताई कौसल्येला त्यावरून कधी एक शब्द बोलल्या नाहीत. दोघींचं बोलणं मीठ-मिरची, नळाचं पाणी, कोणाच्या पोरीचं जमलं, एवढ्यावर चाले. पण दर वर्षी वाचनात तो भाग आला की, ‘कुणी जवळ गेलं नाही’ इथं प्रभाताई थांबत, चष्म्यावरून मान वर करत आणि दाराजवळच्या खांबाला टेकून बसणाऱ्या कौसल्येकडे सरळ बघत. मग पुढचं वाचत. शिव्या देण्यापेक्षा हे बरं, आणि पोहोचतं चांगलं, असा त्यांचा हिशेब. कौसल्या निरक्षर, वयानं म्हातारी, बहुतेक वेळ डोळे मिटून बसलेली. पोहोचत होतं की नाही, कुणास ठाऊक. पण नेम लावल्याचं समाधान प्रभाताईंना दर पावसाळ्यात मिळे.

मग शुगरनं डोळे धरले. यवतमाळला जाऊन डोळ्यांत इंजेक्शनं घेऊन झाली, पडद्यावर रक्त आलं होतं ते काही पुरतं निघालं नाही. डॉक्टरांनी समजावलं की कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. तसंच झालं. ग्रंथाकडे बघितलं की समास दिसायचा, चौरंगाची कड दिसायची, आणि जिथं अक्षरं असायला हवीत तिथं मळकट डाग. माणसाकडे बघितलं की त्याचे कान दिसायचे, तोंड नाही. गेल्या वर्षीचा वर्षावास त्यांनी निम्मा पाठ होता त्यावर रेटला आणि निम्मा अडखळत. लोक काही बोलले नाहीत. न बोलण्याची पण एक पद्धत असते.

नागपूरला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा इंद्रजित उन्हाळ्यात आला आणि त्यानं यावर उपाय काढला. त्यानं एक नवा फोन आणला, त्यात पुस्तकं भरली, ग्रंथही भरला, आणि पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवणारं एक अॅप टाकलं. कानात घालायच्या वायरीवर एक बटन होतं, ते दाबलं की वाचन सुरू, पुन्हा दाबलं की बंद. वर्षाचे पैसे भरलेले आहेत, तुला कसलाच त्रास नाही, असं सांगून त्यानं आईच्या कानात वायर घातली आणि तिचा चेहरा कधी फुलतो याची वाट बघत समोर बसला.

चेहरा फुलला नाही, तोंड वाकडं झालं. बाईचा आवाज होता. गोड होता, शुद्ध होता, आणि त्या आवाजाला श्वास नव्हता. कधी आवंढा गिळत नाही, कधी थकत नाही, कधी दम खात नाही. सुतक आणि बारसं एकाच चालीत. प्रकरणाचं नाव वाचलं, लगेच पहिलं वाक्य. वाक्य अर्धवट असतानाच पान क्रमांक वाचला, तोही त्याच लाडिक सुरात, आणि पुन्हा उरलेलं अर्धं वाक्य. प्रभाताईंनी वायर उपटून काढली आणि कान पदरानं पुसला. अंगावर पाल चढल्यासारखं झालं होतं. इंद्रजितला त्या म्हणाल्या की आवाज चांगला आहे. तो बिचारा खूश होऊन नागपूरला गेला.

पण डोळे नसलेल्या माणसाची दुपार फार लांब असते. शिसारी येत असूनही त्या ऐकू लागल्या. आधी अर्धा तास, मग जेवणाआधी, मग जेवणानंतर. कडू काढा प्यावा तसं तोंड करून त्यांनी दोन जाडजूड कादंबऱ्या ऐकल्या, आणि संपल्यावर दोन्ही वेळा त्या मशीनच्या बाईला शिव्या घातल्या, कारण नायिका मेली तरी तिचा आवाज जसाच्या तसा. शिव्या घालून त्यांनी तिसरी लावली. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. आपल्याला जे ओकारी आणतं त्याच्याच वाटेकडे आपण दुपारी डोळे लावून बसतो, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

लपलेलं उघडं पडलं ते देवराव मून यांच्यामुळे. देवराव विहार समितीचे अध्यक्ष. एसटीतून निवृत्त झालेले. बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे माइक दिसला की त्यांना राहवत नसे. शिवाय खर्रा. विहाराच्या फाटकापाशी ते तोंड रिकामं करत, पण बोटांचा वास आणि रंग आत घेऊन येत. ते वर्षावासाची वर्गणी मागायला आले, तेव्हा फोनातली वायर निघालेली होती आणि फोन मोठ्यानं वाचत होता. देवरावांनी दारातच उभं राहून ऐकलं. प्रभाताईंना त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पण माणूस खूश झाला की नाकानं कसा श्वास घेतो ते ऐकू येत होतं.

“ताई,” देवराव म्हणाले, “तुमी आता कायले तरास घेता? हे तं अडखळत बी नाही.”

अडखळत बी नाही. प्रभाताईंना तो शब्द जिथं लागायचा तिथं लागला. त्या म्हणाल्या की ग्रंथाला माणूस पाहिजे, मशीन नाही. देवरावांनी मान डोलावली आणि घरी जाऊन आपल्या फोनवर तेच अॅप उतरवून घेतलं, फुकटातलं.

आषाढी पौर्णिमा आली. विहारात प्रभाताई पहिल्यांदाच समोर, बायांमध्ये बसल्या. चौरंगावर ग्रंथ होता, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला, न उघडलेला. आणि त्या ग्रंथाला टेकवून देवरावांनी आपला फोन उभा केला होता. काचेवर खर्र्याच्या बोटाचा तांबूस ठसा. हे प्रभाताईंना डोळ्यांच्या कडेनं दिसलं आणि ते न दिसलं असतं तर बरं झालं असतं. देवरावांनी माइक फोनच्या तोंडाशी आणला, दोनदा फुंकर मारून पाहिली आणि काचेवर बोट दाबलं.

मशीनची बाई सुरू झाली. सगळ्या वस्तीवर तिचा आवाज पसरला. लोकांना नवल वाटलं, बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. किती साफ वाचते, एक म्हणाली. मग नवल ओसरलं. आणि प्रभाताईंना पहिल्यांदा कळलं की चौरंगाच्या या बाजूला काय चालतं. माइकमागून त्यांना आजवर फक्त शांतता दिसली होती. इथं बसल्यावर ती शांतता कशाची बनलेली आहे ते ऐकू आलं. कुणी पदराखाली फुटाणे चघळत होतं. मागे दोघी सुनेचं गाऱ्हाणं करत होत्या. एकीनं अंबाडीची जुडी सोबत आणली होती आणि पानं खुडण्याचा कुटकुट आवाज सतत येत होता. एक तर चक्क घोरत होती. दिवसभर वाकून निंदलेल्या बाया, त्यांना झोप लागणारच, हे प्रभाताईंना समजत होतं. समजत होतं म्हणून काही शिसारी थांबत नव्हती.

एक अडचण मात्र सगळ्यांचीच झाली होती. ही बाई थांबतच नव्हती. साधू म्हणायला जागाच मिळेना. एका प्रसंगाच्या शेवटी दोन-चार जणांनी हात जोडले, तोवर मशीन पुढच्या पानावर गेलेलं. हात तसेच अवघडून खाली आले. देवरावांनी एकदा माइकवरून ‘साधू’ म्हणून बघितलं, पण मशीननं त्यांना जुमानलं नाही. असेच रोजचे दिवस जाऊ लागले. प्रभाताई रोज जात, रोज बसत आणि रोज घरी येऊन जेवण तसंच झाकून ठेवत.

मग तो आजारी भिक्खूचा भाग आला. प्रभाताईंना माहीत होतं आज येणार. संध्याकाळी विहारात मशीननं तो भाग भाजीचे भाव सांगावे तसा सुरू केला. भिक्खू आजारी आहे. घाणीत पडला आहे. कुणी जवळ गेलं नाही. पान क्रमांक. भगवान आले, आणि त्यांनी पाणी मागवलं, आणि तिथं मशीन एकाएकी थांबलं. एक बारीक घंटी वाजली. मग त्याच गोड आवाजात लाउडस्पीकरवरून ऐकू आलं, “आपलं मोफत ऐकणं संपलं आहे. पुढे ऐकण्यासाठी सदस्य व्हा.”

आणि शांतता झाली. रोज देवराव ते वाक्याच्या मधेच बंद करत, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मशीन आपणहून थांबलं होतं. समोरचे सगळेच्या सगळे हात जोडले गेले, फुटाणेवाली, अंबाडीवाली, घोरणारीसुद्धा दचकून उठली, आणि सगळ्यांनी एका सुरात, मनापासून, बरेच दिवसांचं तुंबलेलं म्हटलं, “साधू, साधू, साधू.”

प्रभाताई भिंतीला धरून उठल्या आणि चौरंगापर्यंत गेल्या. देवराव फोनवर बोट मारत बसले होते. त्यांच्या जवळ वाकून त्यांनी हळूच विचारलं की हे साधू कशाला म्हटलं.

“थांबलं ना ते,” देवराव म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. “थांबलं का म्हणाचं असते.”

“आन मी वाचत होती तवा?”

“तुमी बी थांबतच होत्या ना, ताई.”

तो माणूस कुचका नव्हता. सरळ मनानं बोलला, म्हणूनच ते इतकं आत गेलं. घरी येताना प्रभाताईंना आठवलं, आणि आठवलं ते असं की पाय रस्त्यातच थांबले. दर वर्षी ‘कुणी जवळ गेलं नाही’ म्हणून त्या थांबत, कौसल्येकडे बघत, आणि त्या थांबण्यात सगळं विहार साधू म्हणत असे. दर वर्षी. आजारी माणूस घाणीत पडलाय, कुणी जवळ जात नाही, साधू, साधू, साधू. आणि त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं, कारण त्या नेम धरण्यात गुंतल्या होत्या. पाठ सरळ करणारा तो आवाज, ज्याच्यावर त्यांनी इतके पावसाळे काढले, तो हा होता.

त्यांना सगळ्याचा वीट आला. लोकांचा, देवरावांचा, मशीनचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या आवाजाचा. दुसऱ्या दिवशी त्या विहारात गेल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. फोन कपाटात कपड्यांखाली टाकला. देवरावांनी निरोप धाडला की आता पैसे भरून सदस्य झालोय, मशीन मधात थांबत नाही, ताईंनी यावं. समारोपाला पण मशीनच ठेवायचं, मोठा स्पीकर आणायचा, असंही ठरल्याचं कळलं. प्रभाताईंनी ऐकून घेतलं. आपण परत चौरंगावर बसायचं की ते कायमचं सोडायचं, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी मनाशी देऊन टाकलं होतं. ऐकायलाच कुणी नसेल तर वाचायचं कुणासाठी?

चार दिवसांनी दुपारी कौसल्या आली. कढीची वाटी नव्हती, मोकळ्या हातानं आली, आणि नेहमीसारखी उंबऱ्यापाशी थांबली. प्रभाताईंना ती नीट दिसली, कारण त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळून चुलीकडे बघितलं होतं. डोळ्यांची ही नवीनच तऱ्हा झाली होती, ज्याच्याकडे बघू नये तेच दिसायचं. पाणी वगैरे विचारून झालं. नळाचं बोलून झालं. मग कौसल्या म्हणाली, “त्या दिवशी मी वाट पाहून राह्यलती.”

प्रभाताईंनी विचारलं, कशाची.

“तू तिथं थांबते. माह्याकडे पाहते. दरसाल पाहते. मले का समजत नाही कायले पाहते ते?” कौसल्येचा आवाज भांडणाचा नव्हता. “त्या मशीननं पाह्यलंच नाही. तसंच वाचत गेलं. मले काही लागलंच नाही.”

कौसल्याच बोलत राहिली, तुटक तुटक. वास आला की तिला उबळ यायची. रोज ठरवून यायची की आज आत जायचं, आणि उंबऱ्यावर पाय अडायचा. पोटातून वर यायचं त्याला ती काय करणार. वाटी ठेवून घरी जाऊन ओकायची आणि मग रडायची. पंजाबराव तिच्या हाताखाली वाढलेला दीर. तिनं प्रभाकडे कधी माफी मागितली नाही, कारण मागून ती मिळाली असती तर काय करायचं हे तिला कळत नव्हतं. त्यापेक्षा वर्षातून एकदा खांबाजवळ बसून ते ऐकायचं आणि खाली मान घालायची, हे तिला जमत होतं.

“तू वाचते तं लागते,” ती म्हणाली. “मंग सालभर मले जेवण जाते. तू पुन्हा वाच, प्रभा. त्या बाईच्या आवाजात मी कायले ऐकू? तिले का माहीत, कोण उंबऱ्यावर उभं होतं ते.”

हे ऐकून प्रभाताईंना गहिवरून वगैरे आलं नाही. खरं सांगायचं तर पहिला राग आला. म्हणजे आपण मारलेला प्रत्येक दगड हिनं झेलून घरी नेला आणि औषधासारखा उगाळून घेतला, आणि आपल्याला पत्ता नाही. मग राग गेला तिथं एक अडचणीची गोष्ट दिसली. खर्र्याची, थुंकीची, उष्ट्याची, डावाची, सगळ्या जगाची शिसारी प्रभाताईंनी आपल्यापाशी हक्कानं बाळगली होती. कौसल्येला मात्र एकाच गोष्टीची आली आणि तेवढीही त्यांनी तिला बाळगू दिली नाही. हे काही त्यांनी तिला बोलून दाखवलं नाही. चहा ठेवते म्हणाल्या. कौसल्या उंबऱ्यावरच बसून तो प्यायली, कारण आता आत यायचं म्हणजेही अवघडच होतं.

ती गेल्यावर प्रभाताईंनी कपाटातून फोन काढला. कानात वायर घातली, ग्रंथ लावला, एक वाक्य ऐकलं, बटन दाबून थांबवलं आणि ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं. पहिल्याच वाक्याला ओकारीसारखं झालं. दुसऱ्याच्या तोंडून निघालेलं आपल्या तोंडात घ्यायचं, म्हणजे हे उष्टंच की. आणि वर तिचा तो लाडिक सूर जिभेला चिकटून येत होता. त्यांनी चूळ भरली आणि पुन्हा बसल्या. स्वतःशीच वाद घातला. उष्टं व्हायला तोंड लागतं, हिला तोंड कुठं आहे? शब्द ग्रंथाचे आहेत. ही नुसती पळी आहे, भांड्यातून ताटात टाकणारी. असं मनाला समजावलं तरी मन काही लगेच समजलं नाही. शब्द घ्यायचे आणि सूर थुंकून टाकायचा, हे जमायला त्यांना बरेच दिवस लागले. शेजारपाजारच्यांना वाटलं, बाई एकटीच बडबडायला लागली.

आश्विन पौर्णिमेला आठवडा राहिला असताना त्या विहारात गेल्या, सरळ चौरंगामागे जाऊन बसल्या आणि देवरावांना म्हणाल्या की फोन उचला, ग्रंथावरून आधी उचला. देवरावांनी उचलला. प्रभाताईंनी पदरानं कपडा पुसला, ग्रंथ उघडून ठेवला, दिसत नव्हता तरी ठेवला, आणि कानात वायर घातली. त्या कोणता भाग वाचणार हे कळल्यावर देवराव अजिजीनं म्हणाले की तो झाला ना ताई, मागंच झाला.

“वाजला,” प्रभाताई म्हणाल्या. “वाचून नाही झाला.”

त्या वाचू लागल्या. एक वाक्य कानात, एक तोंडात. मधे बोट बटनावर अडखळे, तेव्हा त्याही अडखळत. कानातली बाई पान क्रमांक सांगे, तेव्हा त्यांचा चेहरा कारलं चावल्यासारखा होई आणि पुढच्या ओळीतली एक-दोन जण हसत. तरी भिक्खू आजारी पडला. घाणीत लोळला. प्रभाताईंच्या आवाजात ते ऐकताना अंबाडी खुडायचा आवाज एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

“कुणी जवळ गेलं नाही,” प्रभाताईंनी वाचलं आणि बटन दाबलं.

शांतता झाली. आणि समोरचे हात जोडले गेले, पोळी उलटायला हात आपोआप जावा तसे, आणि पहिला साधू निघाला.

“हात खाली घ्या,” प्रभाताई माइकवरून म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण माइक होता, सगळ्या वस्तीला ऐकू गेलं. “एक माणूस घाणीत पडला हाये आन त्याच्याजवळ कोणी गेलं नाही, हे वाचलं मी. याले साधू म्हणत नसतेत.”

हात तसेच राहिले, ना वर ना खाली. देवराव आपल्या बोटांकडे बघत होते. एवढी माणसं एकदम ओशाळलेली प्रभाताईंनी कधी ऐकली नव्हती, आणि त्याचाही त्यांना आनंद झाला नाही. त्यांनी मान वर करून दाराजवळच्या खांबाकडे बघितलं, दर वर्षी बघत तसं. तिथं मळकट डाग होता. मग त्यांनी मान खाली घातली, ग्रंथाकडे, जिथं त्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि डोळ्याच्या कडेला कौसल्या दिसली. खांब सोडून ताठ बसलेली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. तिनं ते जोडलेच नव्हते, आज नाही आणि बहुधा कधीच नाही.

“वाच पुढं,” कौसल्या म्हणाली. “त्यानं पाणी मांगतलं.”

प्रभाताईंनी बटन दाबलं, ते वाक्य ऐकलं आणि वाचलं.